पगार विचारता, मग हेही विचारा!

डिसेंबर १९३५. संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या अमेरिकेच्या मार्गारेट सँगर आपल्या वर्ध्यात गांधीजींना भेटल्या. सँगरबाई म्हणत, बाईच्या हाती साधनं द्या. गांधीजींचा भर संयमावर. मतभेद मिटले नाहीत. पण संयमालाही दोघं लागतातच ना?

आज काय दिसतं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, पुरुष नसबंदी फक्त ०.३! खरं तर पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी जास्त सोपी.

कुटुंब नियोजन म्हणजे नुसतं ऑपरेशन नव्हे. मूल हवं का, कधी, दोन मुलांत अंतर किती, हे दोघांनी मिळून ठरवणं. मित्रांनो, लग्न ठरवताना पगार विचारला जातो, पत्रिकाही बघितली जाते. मग हे बोलायला लाज कसली?