उन्हाळा स्लॅबवर असतो

विदर्भातल्या मौद्यात वीज तयार होते ती डोळ्यांसमोर. एनटीपीसीच्या केंद्राची क्षमता २३२० मेगावॅट. पाचशेचे दोन संच, सहाशे साठचे दोन. कोळसा रेल्वेने येतो, पाणी गोसीखुर्दच्या जलाशयातून, आणि मागे उरते राखड. आपल्याकडच्या कोळशात तिसरा हिस्सा तरी राखच असते. एका युनिटसाठी साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो, हे लक्षात ठेवून घरातल्या पंख्याकडे बघा. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा ३० च्या आसपास. रोज पंधरा तास आणि वर्षाचे दोनशे दिवस धरले, तर एका पंख्यामागे १३५ युनिट वाचतात. म्हणजे नव्वद किलो कोळसा, त्यातली तीसेक किलो राखड, आणि हवेत जाणारा सव्वाशे किलोच्या घरातला कार्बन डायऑक्साइड.

एलईडी दिवे उत्तमच. २०१५ च्या उजाला योजनेने ते घरोघरी पोचवले. पण विदर्भात बिल फुगतं ते उजेडाने नव्हे, उन्हाने.

माझा राग स्लॅबवर आहे. जुन्या घरांच्या छपरावरच्या कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जायची. ती घरं गेली याचं मला दुःख नाही. दरवर्षी कवेलू फेरणं आणि माकडांची नासधूस ज्यांनी सोसली, त्यांना विचारा. पण नवतपात दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटली तरी खोलीत आग ओकत असतो आणि खाली कूलर त्याच्याशी रात्रभर झुंजतो. मार्चअखेर छतावर चुन्याचे दोन हात मारले की बरंचसं ऊन वरच्या वर परततं. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छतांचं धोरणच आणलं.

कूलर मात्र सोडू नका. दीड टनाचा एसी दीड हजार वॅटच्या आसपास ओढतो, घरगुती कूलर दोनशेच्या. कोरड्या मे महिन्यात ओल्या ताट्यांचं काम चोख असतं. अट एवढीच की समोरची खिडकी उघडी हवी. ती बंद करून ‘कूलर चिकचिक करतो’ म्हणणारे पुष्कळ, आणि एसीच्या दुकानात पहिले तेच पोचतात.

भाड्याच्या खोल्यांचं अवघड आहे. बिल भाडेकरू भरतो, स्लॅब मालकाचा असतो, आणि चुना कोणी आणायचा हे करारात कुठेच लिहिलेलं नसतं.