ऊन विकत घेणे आहे

मी कॉमर्सचा पदवीधर आहे. ही गोष्ट बँकेत कुणाच्या लक्षात येत नाही आणि घरात कुणी मान्य करीत नाही. कॉलेजात शिकलेल्यापैकी आता एकच धडा आठवतो. अर्थशास्त्राच्या सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं, की जी वस्तू हवी तेव्हा, हवी तेवढी, कष्टावाचून मिळते, तिला बाजारात किंमत नसते. उदाहरणार्थ, सूर्यप्रकाश. मी ते वाक्य वहीत उतरवून खाली दोन रेघा मारल्या होत्या. पुढची बावीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात गेली, पण त्या वाक्याला कधी धक्का लागला नाही. तो गेल्या एप्रिलमध्ये लागला, आणि तोही माझ्याच घरात.

मुलुंडला आमची जागा सर्वांत वरच्या मजल्यावर. म्हणजे वर गच्ची आणि गच्चीवर थेट सूर्यनारायण. दुपारी नळाला जे येतं त्यात फक्त चहाची पावडर टाकायची बाकी असते. अशा एका रविवारी मी डोक्यावर ओला पंचा घेऊन बसलो असताना हिने एका प्रवासी कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक माझ्यापुढे धरलं आणि ठळक ओळ वाचून दाखवली, 'उन्हात न्हालेल्या बेटावर चार रात्री, पाच दिवस!'

"अहो, किती छान ना?"

मी पंचा पिळला. उन्हात न्हालेला एक इसम तिच्यासमोर फुकट बसला होता. त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

यंदा आमच्या एलएफसीचं वर्ष. त्यामुळे घरात बेटांचा लिलाव सुरू झाला. चिरंजीवांनी बाली पुकारलं. एलएफसी भारताच्या किनाऱ्याशी संपते, हे सांगितल्यावर बँकेच्या एकूण प्रगतीबद्दल त्यांनी चिंता व्यक्त केली. कन्येने अंदमान म्हटलं; तिला पाण्याखाली जाऊन मासे बघायचे होते. (ताटात आलेला मासा ती बघतसुद्धा नाही.) हिचा आग्रह एवढाच, की खोली पाण्यात उभी हवी. आई कोपऱ्यात शेंगा सोलत बसली होती. तिचं माहेर मालवणकडचं. चष्म्यावरून बघत तिने एकच विचारलं, "थंय पाणी खंयसून येता रे?"

सगळे हसले. "आजी, चारी बाजूंना समुद्र आहे!" चिरंजीव म्हणाले. मीही हसलो. एवढी नोंद करून ठेवा. ताळेबंदाच्या वेळी लागेल.

वाचकहो, माझं भांडण बेटांशी नाही. सुट्टीशी तर मुळीच नाही. सुट्टीशी भांडणारा बँक कर्मचारी अजून जन्माला यायचा आहे. माझं भांडण आहे ते 'उन्हाचं बेट' या कसोटीशी. बेट निवडताना ऊन बघायचं, ही अक्कल आपली नव्हे. लंडनला डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. त्या बिचाऱ्यांनी ऊन विकत घ्यायला विमानात बसावं, हे अर्थशास्त्राला धरून आहे. आपण का बसावं?

आपली भाषाच बघा ना. आपल्याकडे वडीलधाऱ्यांची सावली असते. वडीलधाऱ्यांचं ऊन कुणी ऐकलंय? अनुभवी माणूस म्हणतो, 'उन्हात केस पांढरे केले नाहीत.' मामाच्या गावाला निघालेल्या पोराच्या खिशात आजी कांदा घालायची, तो काय भजी करायला? ज्या लोकांनी उन्हापासून वाचायला पन्हं, वाळा, पडवी आणि दुपारची झोप एवढ्या गोष्टी काढल्या, त्यांच्या नातवंडांनी उन्हाचं आगाऊ आरक्षण करावं?

बरं, विकत घेतलेला माल तरी मिळतो का? आपली सुट्टी मे महिन्यात. 'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी दर वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पहिल्या पानावर येते आणि ती वाचून अख्खा महाराष्ट्र सुस्कारा सोडतो. कन्येने काढलेली तारीख होती १९ मे. म्हणजे जो पाऊस मुलुंडला यावा म्हणून आम्ही देव पाण्यात ठेवतो, त्याला सामोरं जाऊन चार रात्री, पाच दिवस ऊन शोधायचं! शिवाय तिथला सूर्य सरकारी नोकराहून वक्तशीर. बेटं आपल्या पूर्वेला फार दूर, पण घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला, मे महिन्यातही साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डिसेंबरात पाचलाच. आमची कॅश टॅली होण्याआधी तिथल्या दिवसाचं क्लोजिंग! अंदमानला जरूर जावं, पण सेल्युलर जेलपुढे दोन मिनिटं गप्प उभं राहायला जावं. अंदमानचं ऊन म्हणजे काय, ते त्या कोठड्यांतल्या माणसांना माहीत होतं. त्यांनी ते माहितीपत्रकात वाचलं नव्हतं.

मग राहिलं मालदीव आणि लक्षद्वीप. जानेवारी २०२४ मध्ये या दोघांवरून मोठी रणधुमाळी झाली, ती आठवत असेल. तेव्हा आमच्या हेडकॅशियरनी भर जेवणाच्या सुट्टीत मालदीवचं तिकीट रद्द केल्याचं जाहीर केलं. ते त्यांनी कधी काढलेलंच नव्हतं, पण टाळ्या मिळाल्या. त्या गडबडीत मी थोडं वाचन केलं, आणि शेंगा सोलणारी आई आठवून मला घाम फुटला.

डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवच्या राजधानीत, मालेमध्ये, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याला आग लागली. शहरात एक लाखाच्या घरात माणसं, आणि नळ कोरडे. ऊन मुबलक होतं, समुद्र चारी बाजूंना होता. प्यायला पाणी नव्हतं. आपल्या हवाई दलाच्या विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोचवलं. लक्षद्वीपची छत्तीस बेटं मिळून जागा बत्तीस चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत माणसं चौसष्ट हजार. तिथे वाळूखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर असतो, दुधावर साय असते तसा. जास्त उपसा केला की खालचं खारं वर येतं. कवरत्तीला २००५ साली समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प उभारावा लागला, दिवसाला एक लाख लिटरचा. आणि आपण तिथे जाऊन काय करणार? समुद्रात डुंबणार आणि अंगावरचं मीठ घालवायला दिवसातून तीनदा आंघोळ करणार! दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या दुधावरची साय खायची, आणि वर म्हणायचं, ऊन काय छान होतं!

"म्हणजे बेटावर जायचंच नाही?" हिने विचारलं. प्रश्न रास्त होता. स्वर नव्हता.

जायचं. पण बेट कसं निवडावं, हे ज्यांना कळत होतं त्यांना विचारून. १६६४ साली शिवाजी महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. ऊन किती तास पडतं याची चौकशी त्यांनी केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. पण त्या खाऱ्या दर्यात, किल्ल्याच्या तटाच्या आत, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. नावं ऐकूनच कळतं, की बेटावर खरी श्रीमंती कशाला म्हणायची. आजही तिथे काही कुटुंबं राहतात. गोडं पाणी आणि माणसं : बेटाचं भांडवल एवढंच. ऊन हे फार तर त्यावरचं व्याज, आणि तेही आपल्याला घरबसल्या मिळतं.

घरात मतदान झालं. मी आणि आई विरुद्ध तिघं. ठराव फेटाळला गेला. पण एलएफसीचा अर्ज मी भरतो, त्यामुळे डिसेंबरातलं मालवण पक्कं झालं. चिरंजीव दोन दिवस बोलले नाहीत. "खरं आयलंड तर हवं होतं," एवढंच पुटपुटले.

तिसऱ्या दिवशी कन्येने नकाशा आणून आम्हां सर्वांची जागा दाखवून दिली. वसईची खाडी, ठाण्याची खाडी, पश्चिमेला समुद्र. मधल्या साष्टी बेटावर मुलुंड. म्हणजे आम्ही जन्मभर बेटावरच राहत होतो, उन्हात न्हालेल्या, आणि हप्तेही भरत होतो! मी विजयी मुद्रेने आईला ही बातमी दिली. तिने शेंगांवरची नजर न काढता विचारलं, "आणि हंय पाणी खंयसून येता?"

मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी विहार आणि तुळशी तेवढे बेटावरचे. बाकीचं सगळं बाहेरून, भातसाचं, तानसाचं, वैतरणेचं. भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. साय आम्ही रोजच खातो, चार रात्री, पाच दिवस नव्हे.

या वेळी कुणी हसलं नाही. चिरंजीव उठले आणि त्यांनी न्हाणीघरातला वाहता नळ बंद केला. तो कुणी उघडा टाकला होता, याची चौकशी झाली नाही. खाली बादलीत पंचा माझाच होता.