रंग गेला, तरी पाणी शुद्ध झाले काय?

रावेर तालुक्यातील केळीच्या बागायतीचे वैभव विहिरींच्या पाण्यावर व तापीच्या खोऱ्यावर उभे आहे. तापीच्या वरच्या अंगास बऱ्हाणपूर हे कापडाचे जुने केंद्र आहे. म्हणून कापड रंगविल्यानंतर उरणाऱ्या पाण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न केवळ कारखानदारांचा नसून बागायतदारांचाही आहे.

रंगाईत वापरलेला सर्वच रंग धाग्यावर बसत नाही. काही भाग पाण्याबरोबर वाहून जातो. जंतूंच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करण्याच्या नेहमीच्या रीतीस यांतील पुष्कळ रंग दाद देत नाहीत. यावर शास्त्रज्ञांनी प्रकाशाचा उपाय शोधला आहे. भिंतीच्या पांढऱ्या रंगात घालतात त्या टिटॅनियम डायऑक्साइडच्या भुकटीवर जंबुपार किरण पडले म्हणजे पाणी व प्राणवायू यांपासून अतिशय क्रियाशील कण निर्माण होतात व ते रंगाचे रेणू तोडतात. भुकटी मात्र खर्ची पडत नाही. म्हणूनच तिला उत्प्रेरक म्हणतात. या पदार्थाच्या साहाय्याने प्रकाशात पाण्याचे विघटन होते, हे जपानमधील फुजिशिमा व होंडा यांनी १९७२ साली दाखविले. तेव्हापासून या विषयास मोठी चालना मिळाली.

खानदेशात उन्हाची वाण नाही, तेव्हा ही रीत येथे सहज चालेल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सूर्यप्रकाशात जंबुपार किरणांचा वाटा सुमारे विसावा हिस्साच असतो, आणि गडद पाण्यात प्रकाश खोलवर शिरत नाही. यास्तव ही क्रिया इतर शुद्धीकरणानंतरची शेवटची पायरी म्हणूनच शोभते. ती अर्धवट सोडल्यास रंगहीन असे मधले पदार्थ पाण्यात राहतात, व त्यांतील काही विषारी असू शकतात.

याहून महत्त्वाची गोष्ट मिठाची आहे. सुती कापडावर रंग चढावा म्हणून मीठ किंवा सोडियम सल्फेट भरपूर वापरतात. प्रकाश रंग तोडतो. मीठ तोडू शकत नाही. एका लिटरात २ ग्रॅम क्षार असलेले १ लाख लिटर पाणी, म्हणजे एका हेक्टरावर अवघा १ सेंटीमीटर थर, दिल्यास २०० किलो क्षार जमिनीत पडतात. केळीस क्षार सोसत नाहीत. पानांच्या कडा करपतात. सोडियम साचत गेल्यास काळी जमीन चोपण होते, व ती सुधारण्यास वर्षे लागतात.

टंचाईच्या दिवसांत मिळेल ते पाणी घ्यावे, असे कोणी म्हणेल. परंतु एका हंगामाच्या लोभाने जमीन गमावणे हा तोट्याचाच व्यवहार होय. प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीस देऊ केले असता गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पाण्याच्या रंगावरून निर्णय करू नये. विद्युतवाहकता, सोडियमचे प्रमाण व सेंद्रिय द्रव्यांचा शेष यांची तपासणी मागावी. स्वच्छ बाटली त्याच पाण्याने दोनतीनदा विसळून नमुना घ्यावा, त्यावर ठिकाण व तारीख लिहावी आणि तो विनाविलंब प्रयोगशाळेकडे पाठवावा. मीठ वेगळे काढण्याचा खर्च रंगाईच्या धंद्यानेच सोसला पाहिजे. तो शेतकऱ्याच्या जमिनीवर लादणे न्यायाचे नाही.