निष्ठेचा हिशेब

झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाचा एखादा नट अधिक मानधनासाठी दुसऱ्या मंडळीत गेला, तर त्याला कोणी फितूर म्हणत नाही. ती त्याची उपजीविका आहे, हे प्रेक्षक जाणतो. व्यावसायिक फुटबॉलपटूने मात्र पैशासाठी विजयी संघ सोडला, की आपण त्याच्या निष्ठेचा पंचनामा करू लागतो. हा दुजाभाव का?

मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. २०१० मध्ये मालकांनी तो संघच बंद केला. गोव्याच्या साळगावकर संघाने २०१०-११ मध्ये आय-लीग जिंकली आणि २०१६ मध्ये त्याच स्पर्धेतून अंग काढून घेतले. विजेतेपदामुळे संघ टिकतोच, असे नाही. मग पस्तिशीच्या आसपास ज्याची कारकीर्द बहुधा संपते, त्यानेच एकतर्फी निष्ठा का पाळावी?

संघ निवडताना त्याने खुशाल पैसा पाहावा. मैदानात उतरल्यावर मात्र विजयाखेरीज काही पाहू नये. रात्रभर चालणाऱ्या नाटकाच्या शेवटच्या अंकातही नटाने आवाज चोरू नये, एवढीच आपली अपेक्षा असते. फुटबॉलपटूकडूनही तेवढीच असावी.