पॅटन जपला, प्लायमाउथ भंगारात गेली

१/ अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये आलेला माणूस पॅटन रणगाड्यासमोर हमखास थांबतो. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या ताफ्यातील हे अमेरिकी रणगाडे खेमकरणच्या शेतांत भारतीय जवानांनी निकामी केले, ही कथा अनेकांना पाठ असते. याच पॅटन मालिकेतील एम-४८ ची रचना क्रायस्लर या मोटारकंपनीची होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. #थ्रेड

२/ क्रायस्लर म्हणजे प्लायमाउथ, डॉज आणि डिसोटो. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील नोकरदार माणूस बायकामुलांना घेऊन ज्या चारदारी मोटारींतून हिंडे, त्या मोटारींची ही नावे. त्या मुंबईतही जोडल्या जात. एकाच घरातील दोन अपत्यांपैकी एकाला आपण चौथऱ्यावर बसवले आणि दुसऱ्याला भंगाराच्या काट्यावर. ही वाटणी न्यायाची नव्हती.

३/ फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत खासगी मोटारींचे उत्पादन युद्धासाठी थांबवण्यात आले. डेट्रॉईटजवळ क्रायस्लरने चालवलेल्या कारखान्यातून युद्धकाळात २२ हजारांहून अधिक रणगाडे बाहेर पडले. सेडान बांधणारी कंपनी आता रणगाडे बांधत होती.

४/ हे नाते इंजिनापर्यंत पोहोचते. शर्मन रणगाड्याच्या एम-४-ए-४ या प्रकारासाठी क्रायस्लरने मोटारीची सहा सिलिंडरची पाच इंजिने एकत्र जोडून ३० सिलिंडरचे एक इंजिन तयार केले. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात मेक्टिलाच्या लढाईत भारतीय रिसाले शर्मन रणगाड्यांवरच लढले. घरगुती मोटारीचे तंत्र रणांगणावर गेले ते असे.

५/ युद्ध संपले आणि तेच कारखाने पुन्हा कुटुंबांकडे वळले. १९३५ ते १९५० या काळात क्रायस्लरचे अध्यक्ष असलेल्या के. टी. केलर यांचा एक आग्रह प्रसिद्ध आहे. मोटारीचा टप इतका उंच हवा की आत बसताना डोक्यावरची हॅट काढावी लागू नये. त्यामुळे त्या काळच्या प्लायमाउथ आणि डॉज गाड्या इतरांच्या तुलनेत ठेंगण्याठुसक्या दिसत; टीकाकार त्यांना नाके मुरडत.

६/ पण हाच टप फेट्यालाही पुरेसा होता. केलर यांनी फेट्याचा विचार केला असण्याचे कारण नाही. मात्र बसणाऱ्या माणसाच्या मापावरून मोटार आखली की ती परक्या मुलखातही उपयोगी पडते. या सेडानच्या मोहिनीचे खरे रहस्य येथे आहे. चकचकीत क्रोमचा क्रमांक त्यानंतरचा.

७/ दुसरे रहस्य बाकाचे. पुढची बैठक सलग, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला लावलेला. त्यामुळे पुढे तीन आणि मागे तीन अशी सहा माणसे कागदोपत्रीच बसत. आपल्याकडे मांडीवरची मुले त्यात धरली जात नसत. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीत चालकाशेजारी दाटीने बसलेल्यांना ही रचना वेगळी समजावून सांगायला नको.

८/ पुढे रूप पालटले. १९४८ च्या कॅडिलॅकवर लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचलेले पंख उगवले. १९५५ ते १९५७ ची शेव्हरले बेल एअर दोन रंगांत नटली. व्हर्जिल एक्स्नर यांनी क्रायस्लरच्या गाड्या लांब आणि बुटक्या केल्या. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत महामार्गांचे जाळे सुरू झाले आणि सेडान हे मध्यमवर्गीय स्वप्नाचे चित्र बनले.

९/ त्या चित्राच्या चौकटीबाहेर कोण होते, हेही इतिहासाने विचारले पाहिजे. लेव्हिटाऊनसारख्या नव्या वसाहतींत कृष्णवर्णीयांना घर मिळत नसे. मोटारीने प्रवास करताना कुठे मुक्काम करता येईल, हे पाहण्यासाठी त्यांना १९३६ पासून निघणारे 'ग्रीन बुक' जवळ बाळगावे लागे. त्या सहा जागांवर कोणाचे कुटुंब बसणार, हे वर्ण ठरवत होता.

१०/ आता मुंबई. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये येथे जोडणीचा कारखाना उभारला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली आणि क्रायस्लरशी करार केला. १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत उतरलेल्या या मराठी मुलखातील माणसाने हिंदी मोटारीचे स्वप्न अमेरिकी सांगाड्यावर उभे केले.

११/ यात एक गंमत होती. परदेशी बाजारासाठीची डॉज किंग्जवे आणि डिसोटो डिप्लोमॅट या मुळात प्लायमाउथच. पुढची जाळी आणि नावाची पट्टी तेवढी वेगळी. डॉजवाला आणि प्लायमाउथवाला एकमेकांशी ऐट करत, तेव्हा दोघांच्या पायाखाली बहुधा एकच गाडी असे.

१२/ १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार धोरण ठरले : ज्यांना सुटे भाग येथे बनवायचे नाहीत, त्यांनी निव्वळ जोडणीचा धंदा बंद करावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. पुढे परकीय चलनाची चणचण वाढली. कुर्ल्यात फिएटचा आणि उत्तरपाड्यात अँबॅसडरचा जम बसला. नव्या अमेरिकी सेडानचा ओघ आटला.

१३/ आणि येथूनच जुन्या सेडानचे खरे भारतीय आयुष्य सुरू झाले. पहिल्या मालकाने विकलेली गाडी टॅक्सी झाली, लग्नाच्या वरातीला भाड्याने गेली. १९७३ नंतर पेट्रोल कडाडले, तेव्हा अनेक गाड्यांच्या पोटात डिझेल इंजिन बसवले गेले. मिळेल तो भाग घासून, ठोकून, झाळून बसवणाऱ्या मिस्त्र्यांनी त्या चालत्या ठेवल्या. डेट्रॉईटने बांधलेली गाडी आपल्या गॅरेजांनी पुन्हा पुन्हा घडवली.

१४/ नगरच्या रस्त्याने हा काळ जवळून पाहिला. १ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान एसटीची पहिली बस धावली. ती बेडफर्ड बनावटीची होती, आणि बेडफर्ड ही जनरल मोटर्सच्याच ब्रिटिश शाखेची निर्मिती. खेड्यापाड्यांत पुढे जीप रुळली. तिचेही मूळ अमेरिकेत. टांगा आणि बैलगाडीच्या जिल्ह्यात यंत्रयुग आले, त्यात डेट्रॉईटचा वाटा असा मोठा आहे.

१५/ मग स्मरणात काय उरले? जुन्या मोटारींच्या मेळाव्यांत पहिला मान संस्थानिकांच्या गाड्यांना. अमेरिकेतही संग्राहकांना दोनदारी आणि उघड्या टपाच्या गाड्या हव्या असतात. त्यांच्या दुरुस्तीसाठी कित्येक चारदारी सेडान सुट्या भागांकरिता फोडल्या गेल्या. राजाची गाडी जपली जाते, योद्ध्याचा रणगाडा जपला जातो. कुटुंबाची गाडी झिजेपर्यंत वापरली जाते आणि मग वजनावर विकली जाते.

१६/ यावर आक्षेप येईल : ही मोटार काही दुर्मीळ शिल्प नव्हे, पेट्रोल पिणारी आणि आजच्या मानाने असुरक्षित वस्तू होती. आक्षेपातील तथ्य खरे आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. जाते, पाटा आणि रहाट यांनाही एकेकाळी कोणी दुर्मीळ म्हणत नव्हते. सामान्य वस्तू सामान्य असतानाच नाहीशी होते, हीच तिची अडचण.

१७/ अहिल्यानगरकडे हे काम करण्याची ऐपत आहे. येथे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, वाहनांची चाचणी घेणारी 'व्हीआरडीई' ही संरक्षण संशोधन संस्था आहे, १९९४ पासूनचे रणगाडा संग्रहालय आहे. यंत्र जपण्याची विद्या या शहराला अवगत आहे. त्याच शहरात एखादी चारदारी प्लायमाउथ, एसटीची जुनी बस आणि जीप शेजारी शेजारी उभी राहिली, तर विसाव्या शतकाचे चित्र पूर्ण होईल.

१८/ तोवर इतिहासप्रेमी तरुणांनी कागद तरी वाचवावेत. घरातील जुने आरसी बुक, पेट्रोलपंपाच्या पावत्या, बॉनेटला टेकून काढलेले लग्नातले फोटो ही सारी साधने आहेत. सहा सिलिंडरच्या इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे मिस्त्री आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्या मुलाखती आजच ध्वनिमुद्रित झाल्या पाहिजेत. ते गेल्यावर लोखंड सापडले तरी त्याची भाषा सापडणार नाही.

१९/ पॅटन जपला हे योग्यच झाले. त्यामागे जवानांचे रक्त आहे. पण देश सीमेवर लढत होता, तेव्हा त्याच देशातील माणसे लेकीला सासरी पोहोचवत होती, आजाऱ्याला शहरातल्या दवाखान्यात नेत होती, परीक्षेच्या गावी मुलाला सोडत होती. त्यांना वाहून नेणाऱ्या गाडीलाही इतिहासात एक जागा मिळायला हवी.