यंत्र सोपे कोणासाठी?

शासनाच्या दारी येणाऱ्या माणसाला पूर्वी कारकून सामोरा येत असे. आता पडदा येतो. कारकुनाची मग्रुरी वाईट होतीच आणि तिचे गोडवे गाण्याचे काही कारण नाही. परंतु कारकुनाशी भांडता येत असे, खिडकीतून त्याला चार शब्द सुनावता येत आणि वेळ पडलीच तर शंभर माणसे जमवून त्याच्या साहेबाला घेराव घालता येत असे. पडद्याशी भांडता येत नाही. ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढे बजावून तो गप्प होतो. या व्यवस्थेला सुलभ प्रशासन असे नाव देण्यात आले आहे. कोणासाठी सुलभ, असे कोणी विचारलेच, तर ठरलेले उत्तर मिळते: लोक अजून अडाणी आहेत, हळूहळू शिकतील.

हे उत्तर खोटे आहे, आणि ते खोटे असल्याचा पुरावा याच देशात दर निवडणुकीला कोट्यवधी लोक आपल्या बोटाने देत असतात. १९८२ साली केरळातील परूर मतदारसंघात मतदान यंत्र प्रथम वापरले गेले. २००४ च्या लोकसभा निवडणुकीपासून ते देशभर आले. त्याच्या रचनेत पवईच्या आय.आय.टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या प्राध्यापकांचा वाटा होता. नावापुढे चिन्ह, चिन्हापुढे बटण, बटण दाबले की दिवा आणि दीर्घ आवाज. अंध मतदारासाठी ब्रेल खुणा. मदतीला समोर बसलेला मतदान अधिकारी. मतमोजणीच्या विश्वासार्हतेविषयी जो वाद आहे तो आहे, आणि तो वेगळा. पण बटण दाबता येत नाही म्हणून मत देता आले नाही, अशी तक्रार घेऊन सत्तर वर्षांची निरक्षर शेतमजूर बाई तहसील कचेरीत आल्याचे कोणी ऐकले आहे काय? तीच बाई दुसऱ्या दिवशी रेशन दुकानात जाते आणि तिथल्या यंत्रापुढे ‘अडाणी’ ठरते. बाई एका रात्रीत बदलत नाही. यंत्र बदललेले असते.

भाजीच्या गाडीवर टांगलेला साउंडबॉक्स हेही असेच उदाहरण. किती रुपये जमा झाले हे तो मराठीतून मोठ्याने बोलून सांगतो. भाजीवालीला वाचता येत नसले तरी तिचे अडत नाही. खाजगी भांडवलाला गरिबाचा कळवळा आला म्हणून ही सोय झाली असे नव्हे. भाजीवालीने यंत्र नाकारले असते तर धंदा बुडाला असता, म्हणून झाली.

येथेच प्रश्नाचे मूळ आहे. अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली एका छोट्या ग्रंथात असे मांडले की, ढासळत चाललेल्या संस्थेपुढे माणसाजवळ दोन उपाय असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. मतदार मत न देता घरी बसू शकतो. भाजीवाली रोख पैसे मागू शकते. म्हणून त्यांच्यापुढचे यंत्र नम्र होते. रेशनकार्डधारक मात्र दुसऱ्या सरकारकडे जाऊन गहू मागू शकत नाही. यंत्र सोपे करावे की अवघड ठेवावे याचा निर्णय अभियंत्याच्या कौशल्यावर थोडा आणि वापरणाऱ्याच्या नकाराच्या बळावर फार अवलंबून असतो. ज्याचा नकार महाग पडतो त्याच्यासाठी यंत्र सोपे होते. इतरांनी शिकायचे असते.

लाडकी बहीण योजनेचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. जून २०२४ अखेरीस निर्णय निघाला. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. अधिवासाच्या दाखल्याची अट अवघड जाते असे दिसताच काही दिवसांत ती शिथिल झाली, रेशनकार्डावर भागू लागले, मुदती वाढल्या, अंगणवाडीत बसून कागदी अर्ज भरून घेण्यात आले. शासनाला मनात आणले तर किती सोपे होता येते याचा तो वस्तुपाठच होता! नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदान आटोपले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच बहिणींना ई-केवायसी सक्तीचे झाले. संकेतस्थळ उघडा, आधार क्रमांक टाका, ओटीपी मिळवा. आणि मग पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांच्या फोनवरचा ओटीपी! विधवेने तो कोठून आणावा, नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीने कोणापुढे हात पसरावेत, हा विचार पडदा आखताना कोणाच्या मनाला शिवला नाही. ओरड झाल्यावर मुदत वाढवून सवड काढावी लागली. अपात्रांची छाननी करू नये असे कोणी म्हणत नाही. परंतु जी सोय मताआधी सुचते ती मतानंतर का सुचत नाही, याचे उत्तर संगणकशास्त्रात सापडणार नाही.

आता थोडा हिशेब. दोन कोटींहून अधिक स्त्रियांना ही प्रक्रिया करावयाची होती. प्रत्येकीचे जाणे-येणे, रांग आणि खोळंबा धरून केवळ दोन तास गेले असे समजा. चार कोटी तास, म्हणजे आठ तासांचे पन्नास लाख दिवस होतात. हा आकडा कोणी मोजलेला नाही, आणि मोजलेला नाही हाच मुद्दा आहे. कार्यालयाने वाचवलेला पगार अंदाजपत्रकात दिसतो. लोकांनी गमावलेली मजुरी कोणत्याच वहीत चढत नाही. के. विल्यम काप यांनी १९५० साली खाजगी उद्योगांच्या सामाजिक खर्चाविषयी लिहिताना कारखानदार आपला खर्च नदीवर, हवेवर आणि शेजाऱ्यांवर कसा ढकलतात हे दाखवून दिले होते. आजचे शासन तीच युक्ती शिकले आहे.

ई-पीक पाहणी घ्या. शेतात कोणते पीक उभे आहे याची नोंद सातबाऱ्यावर करणे हे तलाठ्याचे काम होते. तो ते चावडीत बसूनच उरकत असे, ही तक्रार जुनी आणि खरी. यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून हे काम शेतकऱ्याच्या फोनवर आले: बांधावर जा, गट क्रमांक निवडा, छायाचित्र काढा, पाठवा. कल्पना वाईट नव्हती. आपल्या पिकाची नोंद आपण करावी यात लोकशाहीचा अंशही आहे. परंतु ज्या शिवारात फोनला रेंज नाही तेथे काय करावे, साधा फोन असलेल्या म्हाताऱ्याने कोणाला विनवावे? नोंद राहिली तर नुकसानभरपाई अडते, हमीभावाच्या खरेदी केंद्रावर माल अडतो. काम शेतकऱ्याचे, चूक शेतकऱ्याची, दंडही शेतकऱ्यालाच. तलाठ्याची चूक झाली तर निदान तलाठ्यावर अर्ज करता येत असे.

रेशनच्या ई-पॉस यंत्राची गोष्ट याहून कठोर आहे. ज्याची बोटे सिमेंट कालवून, ऊस तोडून, भांडी घासून झिजली त्याचाच ठसा यंत्राला पटत नाही. म्हणजे ज्याने सर्वांत अधिक श्रम केले त्यालाच आपण आपण आहोत हे सिद्ध करता येत नाही. ही विरोधकांची अतिशयोक्ती नव्हे. केंद्र सरकारच्याच २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने आधार-पडताळणी फसण्याचे अंदाज दिले होते: झारखंडमध्ये ४९ टक्के, राजस्थानात ३७ टक्के, गुजरातेत ६ टक्के. एखाद्या बँकेचे शंभरातले सदतीस धनादेश यंत्राच्या दोषाने परत गेले असते तर तिला दुसऱ्या दिवशी टाळे लागले असते.

आणि एवढा जाच करून चोरी तरी थांबते काय? रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा मजुरांची छायाचित्रे ॲपवर चढवण्याची सक्ती जानेवारी २०२३ पासून सर्व कामांना लागू झाली. रेंज नसली की हजेरी नाही, आणि हजेरी नाही की मजुरी नाही. जुलै २०२५ मध्ये खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाला परिपत्रक काढून सांगावे लागले की, भलतीच छायाचित्रे चढवली जात आहेत, छायाचित्राचेच छायाचित्र काढून पाठवले जात आहे. ज्यांना लबाडी करावयाची होती त्यांना ॲप सोपे गेले. उन्हात माती उपसणारीला अवघड गेले.

भाषेचा प्रश्न तर लाजिरवाणा आहे. २०२१ साली केंद्राचे पोषण ट्रॅकर ॲप अंगणवाडी सेविकांच्या हाती आले ते इंग्रजीतून. गरोदर मातांची आणि बालकांच्या वजनाची माहिती मराठी शाळेत शिकलेल्या सेविकेने इंग्रजीत भरावी, तीही तापणाऱ्या, मध्येच बंद पडणाऱ्या फोनवर. आणि माहिती भरली नाही तर मानधनावर गदा. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढे ॲपमध्ये भारतीय भाषांची सोय झाली. ज्या राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे, तेथे ‘नाव’ आणि ‘वजन’ हे दोन शब्द मराठीत दिसावेत म्हणून स्त्रियांना रस्त्यावर यावे लागले! परंतु ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. सेविकांनी फोन परत केले, म्हणजे हर्शमनचे दोन्ही उपाय एकाच वेळी वापरले.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावा. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींनी दाद मागितली होती. बँकेच्या ई-केवायसीत डोळे मिचकावून जिवंतपणा सिद्ध करावा लागतो आणि ज्यांचे डोळे, पापण्या जळून गेल्या त्यांना ते शक्य नाही. न्यायालयाने वीस निर्देश दिले आणि डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. यंत्राची सुलभता ही यापुढे सौजन्याची बाब राहिलेली नाही.

बाजारातील सुलभतेविषयी मात्र भ्रम नसावा. तेथे आत येण्याचा दरवाजा हत्तीएवढा आणि बाहेर पडण्याचा उंदराच्या बिळाएवढा असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा क्लृप्त्यांना बंदी घातली.

चळवळीतील काहींची भूमिका अशी की, हा इंजिनिअरांचा विषय. काहींची अशी की, यंत्रच नको. दोन्ही भूमिका आळसाच्या आहेत. यंत्रावर एवढी टीका करणाऱ्या गांधींनी शिवणयंत्राला अपवाद केला होता, कारण ते कोणाचे तरी कष्ट कमी व्हावेत या मायेने जन्मले असे ते मानत. लोहियांनी छोट्या यंत्राचा आणि लोकभाषेचा आग्रह एकाच आयुष्यात धरला. युरोपातील उदाहरण अधिक नेमके आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेच्या लोखंड व धातू कामगार संघटनेने संगणकतज्ज्ञ क्रिस्टेन न्यूगोर यांना बरोबर घेऊन मालकांच्या संगणकीय पद्धतींचा अभ्यास कामगारांकरवी करवून घेतला. १९७५ साली तेथे कामगार महासंघ आणि मालक संघटना यांच्यात या विषयावर राष्ट्रीय करार झाला. संगणकीय पद्धतींसाठी कामगारांचे स्वतंत्र प्रतिनिधी निवडले जाऊ लागले. १९८१ ते १९८५ या काळात स्कँडिनेव्हियातील मुद्रण कामगारांनी संशोधकांबरोबर वृत्तपत्राच्या पानमांडणीची साधने आखली. यंत्र हाती नव्हते, म्हणून पुठ्ठ्याचे खोके आणि प्लायवूड मांडून त्यापुढे उभे राहून ते सांगत: हात येथे पोहोचत नाही, हे अक्षर दिसत नाही. वापरणाऱ्याने आखणीत बसावे, हा आज जगभर शिकवला जाणारा विचार कंपन्यांच्या औदार्यातून आलेला नाही. त्याच्या उगमाशी कामगार संघटना उभ्या आहेत.

तेव्हा मागणी ‘डिजिटल साक्षरते’च्या वर्गांची नको. कोणतेही ॲप सक्तीचे करण्यापूर्वी ते मेळघाटात आणि धारावीत, ज्यांनी वापरायचे त्यांच्याच हातून तपासले जावे आणि तपासणीचा अहवाल ग्रामसभेत मराठीतून वाचला जावा. यंत्र अडले तर त्याच दिवशी कागदावर काम व्हावे. आणि अडल्याची जबाबदारी कार्यालयाची असावी, लाभार्थ्याची नव्हे. यासाठी पुरावा लागेल, आणि तो शासन गोळा करणार नाही. शाखांनी एक साधी वही घालावी: कोणत्या तारखेला, कोणत्या दुकानात, कोणाचा अंगठा किती वेळा नाकारला गेला, पडद्यावर नेमके कोणते वाक्य उमटले, किती हेलपाटे झाले, किती दिवसांची मजुरी बुडाली. येत्या मोर्चात तहसीलदारांच्या टेबलावर निवेदनाबरोबर ही वहीही ठेवावी, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये.