राखण आपली, तारू कोणाचे?

५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. छत्रपती संभाजीनगरात हा दिवस कुणाच्या गावीही नसतो. समुद्र पाहायचा तर रात्रीची गाडी धरावी लागते, म्हणून तो इथे सहलीपुरताच आठवतो. पण हे शहर मुळात समुद्र ओलांडून आलेल्या माणसानेच वसवले. १६१० मध्ये खडकी गावाला निजामशाहीच्या राजधानीचे रूप देणारा मलिक अंबर हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनेत पोचला होता. आणि पुढे या शहराला ज्याने आपले नाव दिले, त्या औरंगजेबाला समुद्राने असा एक फटका दिला की तो आजही आठवण्यासारखा आहे.

सप्टेंबर १६९५. हजचे यात्रेकरू आणि तांबड्या समुद्रातल्या व्यापाराचे सोने-रुपे घेऊन बादशहाचे स्वतःचे जहाज ‘गंज-ए-सवाई’ सुरतेकडे परतत होते. सुरत आठ-नऊ दिवसांवर असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ते गाठले. मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो की, जहाजावर ऐंशी तोफा होत्या, चारशे बंदुका होत्या. पण डागलेली तोफ आपल्याच माणसांत फुटली, मुख्य डोलकाठी जायबंदी झाली आणि कप्तान इब्राहिमखान खाली जाऊन दडला. लूट बावन्न लाखांची, आणि यात्रेकरूंचे, त्यातही बायकांचे जे हाल झाले त्याला मोजमापच नाही.

बादशहाची छावणी तेव्हा भीमेकाठी ब्रह्मपुरीला, म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्यात होती. अफाट फौज हाताशी, पण किनाऱ्यापुढे तिचा उपयोग शून्य. जंजिऱ्याचा सिद्दी हेच त्याचे आरमार. सुरतेच्या वसुलीतून त्याला पोसले जाई, आणि त्याचे बळ कोकणात मराठ्यांशी झुंजण्यातच खर्ची पडे. चाचा इंग्रज, म्हणून मग सुरतेच्या इंग्रजांना बेड्या ठोकल्या गेल्या, वखारी बंद झाल्या. सुटकेची किंमत म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने कबूल केले की यात्रेच्या जहाजांबरोबर आमची लढाऊ जहाजे जातील. दरबाराला तो विजय वाटला असेल. आम्हाला त्यात दिसते ते एवढेच, की चोराच्या भाऊबंदांच्या हातीच शेताची जागल दिली गेली. जागल्याला एकदा बांध ठाऊक झाला की पुढे काय होते, हे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

शिवाजी महाराजांनी हे आधीच ओळखले होते. १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला तो केवळ लढाईसाठी नव्हे. मिठापासून तांदळापर्यंत जो माल कोकणातून ये-जा करी, त्याला कोणाच्या परवान्यावर चालावे लागू नये, हाही हेतू होता. पुढे मराठी आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांनी तर उलट इतरांनाच आपले दस्तक घ्यायला लावले. इंग्रज त्यांना चाचा म्हणत राहिले, आणि आपल्याकडचे काही लोकही बराच काळ तेच शिकत राहिले. १७५६ मध्ये मात्र पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने विजयदुर्गावर तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला आणि मराठी आरमाराचा मोठा भाग तिथेच जळाला. पेशवाईतला सर्वांत महागडा विजय कोणता, असे विचारले तर आम्ही हाच सांगू.

आता आजचे. मार्च २०२४ मध्ये नौदलाच्या ‘आयएनएस कोलकाता’ने भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर ‘रुएन’ हे अपहृत जहाज गाठले. विमानातून मार्कोस कमांडो समुद्रात उतरले, चाळीस तासांच्या पाठलागानंतर ३५ सोमाली चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले. कोलकाता बांधली मुंबईच्या माझगाव गोदीत. औरंगजेबाला जे जमले नाही ते आपल्याला जमते, याचा अभिमान जरूर बाळगावा.

पण रुएनवर झेंडा माल्टाचा होता. डिसेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या किनाऱ्याजवळ ज्या ‘केम प्लूटो’वर ड्रोन आदळला, त्यातले तेल मंगळुरूला यायचे होते, खलाशी जवळजवळ सगळे भारतीय होते, जहाज जपानी मालकीचे, झेंडा लायबेरियाचा. बादशहाकडे जहाजे होती, राखण नव्हती. आपल्याकडे राखण आहे, जहाजे फार थोडी. परदेशाशी होणाऱ्या आपल्या व्यापारातला बहुतेक माल आजही दुसऱ्यांच्या जहाजांतून, दुसऱ्यांनी ठरवलेल्या भाड्याने जातो.

५ एप्रिल हा दिवस पाळला जातो तो याच दुखण्यावरून. १९१९ मध्ये याच तारखेला सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. आगबोट ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेली, म्हणून कंपनीचे नाव सिंदिया. आणि ती उभी करणाऱ्यांत पुढे होते सोलापूरचे वालचंद हिराचंद. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिला जेरीस आणले, आणि त्यांच्याशी झालेल्या १९२३ च्या करारानंतर सिंदियाला किनाऱ्यालगतच्या मालवाहतुकीवर समाधान मानावे लागले.

ते दुखणे अजून संपलेले नाही. अलीकडे तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. दहा-पंधरा दिवस वाढले, कंटेनरचे भाडे भडकले. त्याची झळ वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांनाही लागली, कारण इथला माल माळीवाड्याच्या कंटेनर डेपोतून न्हावा-शेव्याला जातो आणि पुढे परक्या जहाजात चढतो. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींची योजना मंजूर केली. त्यातून किती जहाजे पाण्यात उतरली आणि त्यांवर झेंडा कोणाचा, हे आपल्या खासदारांना विचारण्याचे काम इथल्या उद्योजक संघटनांनी आता अंगावर घ्यावे.